मालाडची जिलबी

नलिनी राणेचा आवाज मुलुंडपासून पार अहमदाबादपर्यंत माहीत होता. लाल बहादूर शास्त्री मार्गावर व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी होती, तिथे ती टेलिफोन ऑपरेटर. वर्षानुवर्षं त्याच बोर्डासमोर बसून तिने इतक्या लोकांना इतक्या आर्जवाने फोनवर थांबवून ठेवलं होतं की काही गिऱ्हाईकं साहेबांकडे काम नसलं तरी फोन करतात, असं ऑफिसात म्हणत. बाईंचा आवाज किती गोड, असं कुणी म्हटलं की तिचा नवरा चंद्रप्रकाश शांतपणे सांगायचा, त्यात नवल कसलं, साखर किती जाते आत ते बघा.

तो काही फार खोटं सांगत नव्हता. नलिनीच्या चहात तीन चमचे साखर पडायची आणि असे चहा दिवसभर चालू असायचे. पोळीवर तूप-साखर, दह्यावर साखर, रविवारी शिकरण. माहेर कणकवलीजवळचं, तिथून कुणी आलं की खाजं यायचं, आणि ते डब्यात पोचायच्या आधी निम्मं संपायचं. स्वयंपाक करताना हात मोकळा झाला की आपोआप साखरेच्या डब्याकडे जायचा आणि चिमूटभर तोंडात टाकायचा. तिला ते कळतही नसे.

तिच्या समोरच्या ब्लॉकमध्ये मालन वाघमारे राहायची. मुलुंड पूर्वेची ही सोनचाफा सोसायटी नवी होती तेव्हापासून दोघी समोरासमोर. मालन महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिचा नवरा भाऊराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. माहेर परभणीकडचं. शाळेत बोलताना मालन अगदी पुस्तकी मराठी बोलायची, पण राग आला किंवा आनंद झाला की तिच्या तोंडून परभणी बाहेर पडायची. गोडाच्या बाबतीत ती नलिनीच्या तसूभर मागे नव्हती. फक्त तिचा ओढा गुळाकडे होता. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा पर्समध्ये असल्याशिवाय ती शाळेत जात नसे. दोघींची मैत्री सुरू झाली तीच मुळी साखरेच्या वाटीवरून. पहिल्याच आठवड्यात मालनकडची साखर संपली, ती वाटी घेऊन समोर आली, आणि वाटीबरोबर दोन तास गप्पा मारून गेली.

शहाऐंशी साली दसरा झाल्यावर सोसायटीच्या ऑफिसात रक्ततपासणीचं शिबिर लागलं. समोरच दवाखाना असलेली डॉक्टर अनुपमा, पंचविशी-तिशीतली, चटपटीत मुलगी, तिने ते घेतलं होतं. दोघी मजा म्हणून गेल्या आणि रक्त देऊन हसत परत आल्या. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकत्रच समोर बसवलं आणि सांगितलं की मधुमेह झालेला नाही, पण दोघी त्याच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. आत जायचं की मागे फिरायचं ते आता त्यांच्या हातात आहे. पुढेही ती बरंच काही बोलली. रोजचं काय, सणासुदीचं काय, कशाने सुरुवात करायची. पण नलिनीच्या डोळ्यांपुढे तिची थोरली आत्या उभी राहिली होती, पायाची जखम वर्षभर न भरलेली, आणि मालनला तिचा भाऊ दिसत होता, ज्याला रोज सुई टोचून घ्यावी लागे. पुढचं दोघींच्याही कानावरून गेलं.

दवाखान्याच्या पायरीवरच त्यांचं ठरलं. आजपासून साखर बंद. गूळ बंद, मध बंद, गोड म्हणून जे जे ते सगळं बंद. नलिनीने गावच्या देवीची शपथ घेतली आणि मालनलाही घ्यायला सांगितली.

"शपथ-बिपथ मी मानत नाही," मालन म्हणाली. "मी शब्द देते. तो पुरे."

आणि तिने हात पुढे केला. नलिनीने तो धरला. दोघी घरी आल्या त्या एखादा गड जिंकून आल्यासारख्या.

पुढचे दिवस भयंकर होते. बिनसाखरेचा चहा नलिनीला गरम पाण्यात बुडवलेल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा. दुपारी बोर्डासमोर तिचं डोकं भणभणायचं. एकदा तिने मोठ्या साहेबांचा फोन थेट कँटीनला जोडून दिला आणि साहेबांनी बराच वेळ सहदेवला, म्हणजे कँटीन चालवणाऱ्याला, दिल्लीचा अधिकारी समजून नम्रपणे उत्तरं दिली. अहमदाबादचं एक जुनं गिऱ्हाईक काळजीने विचारू लागलं की बाई बदलल्या का. घरी तर तिच्या वाटेला कुणी जात नसे. तिची मुलगी शकु कॉलेजात होती, ती एक दिवस हात जोडून म्हणाली, "आई, तू साखर खा, पण आम्हाला खाऊ नकोस."

त्यातच दिवाळी आली. नलिनीने करंज्या केल्या, शंकरपाळे केले, रव्याचे लाडू वळले, आणि एकही कण जिभेवर ठेवला नाही. गोडाचा अंदाज घ्यायला ती चंद्रप्रकाशला हाक मारायची. तो बिचारा दर वेळी फार छान म्हणायचा, कारण बायकोचा चेहरा बघून दुसरं काही म्हणायची त्याची छाती नव्हती. लाडू त्या वर्षी इतके गोड झाले की पाहुणेही एकावर थांबले.

पण हे सगळं तिला सोसलं असतं. सोसवत नव्हती ती मालन. रोज संध्याकाळी दोघी गच्चीवर फेऱ्या मारायच्या आणि नलिनी विचारायची, काय गं, कसं चाललंय. मालनचं उत्तर ठरलेलं. तिला म्हणे काहीच वाटत नव्हतं. उलट हलकं हलकं वाटत होतं. साखरेची आठवणसुद्धा होत नव्हती. हे ऐकलं की नलिनी त्याहून मोठ्या आवाजात सांगायची की तिला तर आता गोडाचा वाससुद्धा नको होतो. असं दोघी एकमेकींना सांगत फेऱ्या मारायच्या आणि गंमत म्हणजे बोलायच्या सगळ्या खाण्यावरच. लहानपणीची बासुंदी, कुणाच्या लग्नातले मोतीचूर. बोर्डावर नलिनीच्या शेजारी बसणारी प्रेमा मालाडला राहायची. तिथे स्टेशनजवळच्या बाजारात एक दुकान होतं, साजूक तुपातली जिलबी, समोर तळून देणारं, वर थंड रबडी. प्रेमाने ते वर्णन नलिनीला ऐकवलं होतं आणि नलिनीने ते जसंच्या तसं, वर स्वतःची थोडी भर घालून, मालनला ऐकवलं. मालन ऐकून म्हणाली, असेल बाई, आपल्याला काय करायचंय.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी नलिनीचा धीर सुटला. सकाळी उठली तीच जिलबी डोक्यात घेऊन. तिने चंद्रप्रकाशला सांगितलं की प्रेमाची आई फार आजारी आहे, बघून येते. हे बोलताना तिला त्या म्हातारीची मनातल्या मनात माफी मागावी लागली, कारण ती ठणठणीत होती आणि आदल्याच आठवड्यात तिने सुकट पाठवली होती. जिन्यात मालनचं दार बंद दिसलं. जिना चढून येणारे भाऊराव म्हणाले, ती कल्याणला माझ्या मावशीकडे गेलीय. नलिनीला हायसं वाटलं. मालन कल्याणला, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. दादरला गाडी बदलून ती मालाडला उतरली तेव्हा तिची छाती अशी धडधडत होती की जणू ती दागिने चोरायला चालली आहे.

दुकान प्रेमाने सांगितलं होतं तसंच होतं. पुढे मोठी कढई, मागे बसायला लाकडी फळ्यांची बाकडी, आणि बायकामंडळींसाठी पडदे लावलेले कप्पे. नलिनी पदर सावरून एका कप्प्यात शिरली, पडदा ओढून घेतला आणि हलक्या आवाजात जिलबी-रबडी मागवली. ताटली आली. जिलबी अजून चुरचुरत होती. तिने पहिला तुकडा मोडला, पाक बोटांवर ओघळला, आणि तो तुकडा तोंडात गेला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांचं सगळं दुःख जिभेवरून विरघळत खाली गेलं.

डोळे मिटलेलेच होते तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातून आवाज आला.

"अजून एक प्लेट आण रे. अन् जरा कडक तळायला सांग, मघाची मऊ पडली."

नलिनीचा घास तोंडातच राहिला. तो आवाज जगात एकाच बाईचा होता. क्षणभर तिला वाटलं उठून पळून जावं. पण पळायचं तर त्याच कप्प्यासमोरून जावं लागलं असतं. मग तिच्या लक्षात एक शब्द आला. मघाची. म्हणजे आधी एक प्लेट होऊन गेली होती. नलिनी सावकाश बाकावर चढली आणि दोन कप्प्यांमधल्या फळीवरून पलीकडे डोकावली.

मालन एकटी बसली होती. खांद्याला शाळेची पर्स, समोर रिकामी ताटली, आणि हनुवटीवर पाकाचा एक थेंब. तिने वर पाहिलं.

"कल्याणची मावशी बरी आहे का गं?" नलिनीने विचारलं.

मालनने तोंड पुसलं. "बरी आहे," ती म्हणाली. "तू इथं काय करायलीस?"

"प्रेमाच्या आईला बघायला आले."

"फळीवर चढून?"

आणि मग दोघींचा बांध फुटला. आधी मालन हसली, मग नलिनी, आणि मग दोघींनाही थांबता येईना. नलिनीला बाकावरून खाली उतरताही येईना इतकं हसू. दुकानाचा मालक गल्ला सोडून बघायला आला, कढईवरच्या माणसाने झारा हवेत धरला. मालनने पडदा सारला, नलिनीची ताटली आपल्या कप्प्यात आणली आणि तिला हाताला धरून समोर बसवलं. कडक तळलेली नवी प्लेट आली ती दोघींच्या मध्ये ठेवली गेली.

हसू ओसरल्यावर मालनने सगळं सांगून टाकलं. तिला पहिल्या दिवसापासून काही सुधरत नव्हतं. रोज दुपारी शाळेत तिला रडू यायचं. एकदा तर गणिताच्या तासाला तिने मुलांना पेढ्यांचं उदाहरण घातलं आणि स्वतःच मध्येच गप्प झाली. मग हे आधी का नाही सांगितलंस, असं नलिनीने विचारलं.

"कसं सांगणार? तू रोज म्हणायचीस, वाससुद्धा नको होतो. मला वाटायचं, ही एवढी घट्ट, अन् मीच तेवढी लेचीपेची."

नलिनी थक्क झाली. ती स्वतः केवळ मालनच्या ईर्ष्येने टिकून होती. मालन तिच्या ईर्ष्येने. दोघीही आतून मोडत होत्या आणि वरून एकमेकींना मिरवून दाखवत होत्या. एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींपासून काही लपवलं नव्हतं. घरातलं भांडण, सासरचं बोलणं, नवऱ्याचं घोरणं, सगळं वाटून घेतलं होतं, आणि लपवलं काय तर जिलबी खावीशी वाटते हे.

जिलबी मात्र संपत नव्हती. पहिली स्वर्गातली होती, दुसरी चांगली होती, तिसरीच्या अर्ध्यात नलिनीच्या लक्षात आलं की तिचा घसा धरलाय. मालननेही ताटली थोडी बाजूला केली. तोंड इतकं गोड झालं होतं की चहा हवाच होता. चहा आला, आणि पहिल्याच घोटाला दोघींनी तोंडं वाकडी केली. पाकच होता तो, फक्त तपकिरी. हाच चहा आपण वर्षानुवर्षं पीत होतो का, असं नलिनीला वाटलं. त्यांनी पोऱ्याला नाही, मालकालाच बोलावून सांगितलं की बिनसाखरेचा वेगळा उकळून द्या आणि साखर बशीत द्या. मालक म्हणाला, बाई, जिलबी खाऊन फिका चहा पिणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. पण त्याने दिला. नलिनीने त्यात अर्धा चमचा घातला, ढवळला, घोट घेतला. चहाची चव आली. आल्याचीही आली. पुठ्ठा नव्हता तो आणि पाकही नव्हता.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती गं नेमकं?" मालनने विचारलं. "शेवटी शेवटी? हळूहळू असं काहीतरी म्हणाली होती ना?"

नलिनीला आठवेना. मालनला थोडं थोडं आठवू लागलं. दुसऱ्या दिवशी दोघी सरळ दवाखान्यात गेल्या आणि पुन्हा विचारलं. डॉक्टर अनुपमाने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "मी बंद करायला सांगितलंच नव्हतं. सणाचं गोड वर्षातून किती वेळा? ते खा, थोडं खा. मला काळजी आहे ती रोजच्याची. चहातली, पोळीवरची, जाता-येता तोंडात टाकता ती. ती कमी करा, एकदम नाही, जिभेला कळणार नाही अशी."

मग खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. या वेळी शपथ नाही आणि शब्दही नाही. गच्चीवर भेटल्यावर खरं काय ते सांगायचं, एवढाच नियम. आज मी दुपारी दोन बिस्किटं खाल्ली, असं नलिनी सांगायची. मालन म्हणायची, मी गुळाचा खडा घेतला, पण लहान घेतला. कुणी कुणाला रागवायचं नाही. नलिनीने घरचा साखरेचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, म्हणजे हात सहज जायला नको. चहा साखर न घालता उकळायचा आणि प्रत्येकाने आपापली वरून घ्यायची असं ठरलं. चंद्रप्रकाश आधी कुरकुरला. त्याने दोन चमचे घेऊन पाहिले, मग दीड. थोड्या दिवसांनी बायकोचा कप चुकून उचलला आणि पिऊन टाकला. लक्षात आल्यावर म्हणाला, बरा लागतो की. शकु म्हणाली, बाबा, तुम्ही लाडूलाही छानच म्हणाला होतात.

ऑफिसात मात्र पंचाईत होती. सहदेवच्या किटलीत साखर घालूनच चहा उकळलेला असायचा. एकच किटली, अख्ख्या कंपनीला तीच. नलिनीने त्याला गोडीगुलाबीने विचारलं, छोटी किटली फिक्या चहाची ठेवशील का. फिका चहा आजारी माणसाचा, असं त्याचं मत होतं. पण दिल्लीचा अधिकारी झाल्यापासून तो नलिनीवर खूश होता, त्या दिवसाची गोष्ट तो अजून सगळ्यांना सांगायचा. त्याने किटली ठेवली. आधी ती एकट्या नलिनीची होती. मग प्रेमाने मागितला, मग अकाउंट्समधले एक-दोघं आले, ज्यांना म्हणे घरी डॉक्टरांनी कधीचंच सांगून ठेवलं होतं, पण ऑफिसात कोण वेगळं मागणार म्हणून गप्प होते. नाताळपर्यंत छोटी किटली पुरेनाशी झाली.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन आणि नंतर चहा-बिस्किटं असायची. चहाचं काम त्या वर्षी मालनने मागून घेतलं. कमिटीच्या बैठकीत तिने सांगितलं की चहा फिका करायचा आणि साखर टेबलावर ठेवायची. चेअरमन नंदकिशोर मुणगेकर हबकले. ते म्हणाले, लोक म्हणतील सोसायटी चिंधीगिरी करते. मालनने शाळेतला आवाज लावला आणि सांगितलं की साखर भरपूर ठेवू, हवी तेवढी घ्या, कुणाचा हात धरणार नाही. एवढ्यावर ते गप्प बसले.

त्या सकाळी छान ऊन होतं. झेंडा फडकला, मुलांची गाणी झाली, आणि लोक टेबलाकडे आले. शकु पळीने कप भरत होती. पुढे साखरेची भांडी आणि चमचे. पहिल्यांदाच प्रत्येकाला आपली साखर आपल्या हाताने, सगळ्यांच्या देखत घालावी लागत होती, आणि त्याची मजा कुणाच्याच लक्षात आधी आली नव्हती. एरवी बिनदिक्कत गोड चहा ढोसणारी माणसं दुसऱ्या चमच्याला इकडेतिकडे बघू लागली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी बायकोची पाठ वळेपर्यंत चमचा हातात धरून ठेवला. स्वतः चेअरमनसाहेबांनी गप्पांच्या ओघात एक घातला, दुसरा घातला, तिसरा घातला आणि पुन्हा भांड्याकडे हात नेला, तर भांडं जागेवर नव्हतं. त्यांची पत्नी सुहासिनी टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने ते काही न बोलता आपल्याकडे सरकवलं होतं.

"अहो, मला माहीतच नव्हतं मी एवढी घेतो," नंदकिशोर म्हणाले.

"मला होतं," सुहासिनी म्हणाली.

हशा पिकला. मग लोकच एकमेकांचे चमचे मोजू लागले आणि कोण किती कमीत भागवतो याची चढाओढ लागली. सगळ्यांना अर्थात पटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी असला चहा औषध म्हणून ठीक आहे असं ऐकवलं आणि कप तसाच ठेवला. सोनूबाई आजींनी तर खुर्चीवर बसून कप पुढे केला आणि शकुला, घाल गो बाय, घाल, असं म्हणत साखरेचा डोंगर करून घेतला. नव्वदीला आले, आता मला कोण सांगणार, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर खुद्द डॉक्टर अनुपमाने त्यांच्या कपात आणखी अर्धा चमचा घातला. नलिनी हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. मालनच्या हातात मोठी पळी होती, कपाळावर घाम होता, आणि ती परभणीच्या भाषेत कुणालातरी दरडावत होती, म्हणजे ती फार आनंदात होती.

एप्रिलात दोघींनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट आणायला जाताना दोघींनी हात घट्ट धरले होते. नलिनीची साखर चांगली खाली आली होती. मालनची अजून थोडी वर होती, पण आधीपेक्षा पुष्कळ कमी. नलिनीला स्वतःचा आनंद धड करता येईना, ती मालनच्या तोंडाकडे बघत राहिली. मालन मात्र रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचून म्हणाली, अगं, नापास विद्यार्थी पस्तीसवर आलाय, याचा आनंद मास्तरणीला किती होतो तुला काय माहीत. डॉक्टरीणबाईंनी दोघींना शाबासकी दिली आणि चालणं वाढवायला सांगितलं. नलिनीला आकड्यांपेक्षा दुसरंच जाणवत होतं. दुपारी बोर्डासमोर येणारी पेंग गेली होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती मध्ये न थांबता चढायची. आणि अहमदाबादच्या त्या गिऱ्हाइकाने, बाई परत आल्या वाटतं, असं म्हटलं होतं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. वाघमाऱ्यांकडे त्या दिवशी सकाळी वंदना व्हायची, पांढरी साडी नेसून मालन सगळ्यांना बोलवायची आणि खीर करायची. राणे मंडळी दर वर्षी जायची. आत भाऊराव आणि चंद्रप्रकाश पंख्याखाली बसून सुट्टीत गावी कधी जायचं याच्या गप्पा मारत होते. शकु बाहेर मुलांना वाट्या वाटत होती. मालनने एक वाटी भरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या नलिनीच्या हातात दिली.

नलिनीने चमचा तोंडात घातला आणि थांबली. दूध किती दाट आटवलं होतं ते तिला कळत होतं. तांदळाचा वास वेगळा लागत होता, वेलची वेगळी, आणि दाताखाली आलेल्या चारोळीलाही स्वतःची चव होती. मालनच्या हातची खीर तिने कितीतरी वेळा खाल्ली होती, पण आजवर तिला तिच्यात फक्त गोड तेवढं लागलं होतं.

"खरं सांग," मालन म्हणाली. "कशी झालीय?"

"फार छान झालीय," नलिनी म्हणाली. मग नियम आठवून तिने पुढचंही सांगितलं. "साखर किंचित जास्त पडलीय."

मालनने तिच्या हातातला चमचा घेतला, स्वतः चाखून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. "मला बी तसंच वाटायलंय," ती म्हणाली. "अन् मी गेल्या वर्षीपेक्षा निम्मी घातली होती."

दोघी हसायला लागल्या. आतून भाऊरावांनी विचारलं काय झालं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. दोघींनी खिडकीत उभं राहून ती वाटी एकाच चमच्याने, पाळीपाळीने, तळाला चिकटलेल्या शितासकट संपवली.